दोन हात जागेचा नारळ

बांध कोरणारा माणूस मी लांबून ओळखतो. भूमी अभिलेख खात्यात ३२ वर्षं भूकरमापक म्हणून घालवल्यावर एवढं तरी यायलाच हवं. मोजणीच्या दिवशी हा माणूस सगळ्यांच्या आधी येऊन बसलेला असतो. चहाचं तोच बघतो, साखळी धरायला घरचा पोरगा देतो, आणि बोलताना बांधाकडे पाठ करून उभा राहतो.

हे मी दुसऱ्यांबद्दल बोलतोय असं नाही. कोकणात आमच्या घराच्या मागे चिऱ्याचा एक गडगा आहे. तो चुलत्यांनी दीड हात आत सरकवला, असं माझ्या वडिलांचं म्हणणं, आणि वडिलांनीच बाहेर सरकवला, असं चुलत्यांचं. १९ वर्षं दावा चालला. निकाल आमच्या बाजूनं लागला तेव्हा दोन्ही घरांतली मुलं मुंबईला आली होती आणि जिंकलेल्या दीड हातावर घाणेरी माजली होती. आजही आहे. आता मी मुलुंडला राहतो. सोसायटीत माझ्या दारासमोरच्या चपलांच्या स्टँडवरून मला दोन पत्रं आलेली आहेत, पण तो विषय इथे नको.

ज्या आजीची ही गोष्ट, तिची आणि माझी ओळख भाजीची. निवृत्तीनंतर आठवड्यातून दोनदा मी लेकीकडे गोरेगावला जायचो. पूर्वेला स्टेशनाबाहेर आजी टोपली घेऊन बसलेली असायची. आरे कॉलनीतल्या एका पाड्यावरची, वारली. जूनच्या तोंडाला तिच्याकडे शेवळं मिळायची, आणि शेवळांबरोबर काकडं न मागता द्यायची, कारण काकडं न घालता शेवळं शिजवली तर घसा खाजतो आणि गिऱ्हाईक परत येत नाही. मग टाकळा, कुरडू, फोडशी, आणि श्रावणापासून वाडीतली काकडी नि शिराळी. २०१५ च्या जुलैत एके दिवशी टाकळ्याची जुडी माझ्या पिशवीत टाकताना तिनं विचारलं, "तुम्ही ते जमीन मोजणारे ना?"

"होतो. आता नाही."

"मोजायचं विसरतं का कुणी?"

तर अशी मी तिच्या वाडीची मोजणी घेतली. फी म्हणून दोन शिराळी.

स्टेशनावरून बेस्टची बस पकडली की आरेच्या नाक्यानंतर हवा बदलते. आधी झाडांचा गारवा लागतो, मग तबेल्यांचा वास. 'युनिट'चे नंबर लिहिलेल्या पाट्या येतात. मुंबई शहरातल्या गोठ्यांमधल्या म्हशी बाहेर काढून एका जागी आणायच्या, म्हणून १९४९ मध्ये ही दुग्ध वसाहत उभी राहिली. दारा खुरोडी यांची ती कल्पना. १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालं. जागा सुमारे तीन हजार एकर. आमच्या पिढीला आरे म्हणजे छोटा काश्मीरची सहल आणि दुधाची बाटली. पण म्हशी आल्या तेव्हा इथे पाडे होतेच. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी. आज सत्तावीस पाडे मोजतात. डेअरी कधी आली असं आजीला विचारलं, तर ती सालात बोलत नाही. "मी माहेरी रांगत होते," म्हणते.

बसस्टॉपपासून उतारानं दहा मिनिटं चालल्यावर पाडा लागला. आजीचं घर कुडाचं. कारवीच्या काठ्या उभ्या बांधून त्यावर शेणमातीचा गिलावा. शेजारचं घरही मुळात तसंच, पण त्याला अलीकडच्या बाजूनं एक खोली चिकटवलेली होती. चार लोखंडी अँगल, कमरेपर्यंत विटा, वर सिमेंटचा पत्रा. खोली काढणारा शेजारी, आजीच्या भाषेत 'तो', चित्रनगरीत सेटिंगला सुतार होता. त्याला मी दादा म्हणतो. ३० वर्षं लोकांसाठी राजवाडे, तुरुंग आणि कोर्टं उभी करून दुसऱ्या दिवशी पाडायची, हा त्याचा धंदा. मोठ्या मुलाचं लग्न डिसेंबरात ठरलं होतं, नव्या सुनेला आडोसा हवा होता, म्हणून त्यानं आयुष्यात पहिल्यांदा न पाडण्यासाठी एक भिंत बांधली. ती आजीच्या वाडीत दोन हात आली.

आजीचं भिंतीवरून फारसं म्हणणं नव्हतं. म्हणणं होतं पागोळ्यांवरून. पत्रा भिंतीच्याही पुढे हातभर आलेला, आणि त्याची सगळी उतरण आजीच्या घराकडे. मी गेलो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता आणि पत्र्याच्या पन्हळींतून थेंब पडत होते. जमिनीवर सरळ रेषेत खड्ड्यांची माळ पडली होती, गोधडीच्या टाक्यांसारखी एकसारखी. तिथून उडालेलं पाणी आजीच्या कुडाला लागत होतं. गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत गिलावा धुऊन गेला होता आणि कारवीच्या काठ्या उघड्या पडल्या होत्या. आतल्या बाजूला चूल. मी हात लावला तर काठी ओली, मऊ. बोटाच्या नखानं साल निघाली. पुढचा पावसाळा ती भिंत बघणार नव्हती.

सल्लागार जमलेलेच होते. आजीचा भाचा म्हणत होता, रात्रीत पत्रा उतरवतो, सकाळी कुणाला पत्ता लागणार नाही. एका कार्यकर्त्यानं तर अर्जच टाईप करून आणला होता, फक्त अंगठा उठवायचा राहिला होता. मी अर्ज वाचला. भाषा चांगली होती. 'सदर इसमाने अर्जदाराच्या जागेत अनधिकृत बांधकाम केले असून ते तात्काळ निष्कासित करण्यात यावे.'

मी विचारलं, "अर्जदाराची जागा म्हणजे कुणाची?"

कार्यकर्ता म्हणाला, "आजीची."

"सातबाऱ्यावर?"

तो गप्प झाला. इथल्या जमिनीच्या कागदावर मालक म्हणून शासन आहे. पाड्यातल्या माणसाला घराचं छप्पर शाकारायचं तरी वसाहतीच्या कचेरीची परवानगी लागते. नकाशात ह्या दोन घरांच्या मध्ये रेघ नाही, कारण नकाशात ही दोन घरंच नाहीत. हा अर्ज खरोखर कुणी मनावर घेतला असता तर गाडी घेऊन माणसं आली असती, आणि ती दादाची खोली पाडून आजीला नमस्कार करून परत गेली असती, असं समजण्याइतका मी सरकारी नोकरीत नवखा नव्हतो. 'अनधिकृत' हा शब्द एकदा कागदावर आला की तो शेजारी बघत नाही. जेसीबीच्या ड्रायव्हरला कुंपण दिसत नसतं.

अर्जाची घडी करून मी आजीच्या हातात दिली. तिनं ती चुलीत घातली. ओली होती, धूर फार झाला.

मग दादाला बोलावलं. तो आला आणि माझ्याशी बोलता बोलता कुंपणाकडे पाठ करून उभा राहिला. मला हसू आलं.

"दादा, इथे आधी काय होतं?"

"काही नव्हतं. झुडपं होती."

"शेर होता," आजी घरातूनच म्हणाली. "माझ्या सासऱ्यानं आणि ह्याच्या आज्यानं मिळून लावलेला. एकानं खड्डे घेतले, एकानं फांद्या रोवल्या."

शेर शहरातल्या लोकांना माहीत असण्याचं कारण नाही. पेन्सिलीसारख्या हिरव्या कांड्यांचं झाड, पानं असून नसल्यासारखी. मोडलं की पांढरा चीक येतो, डोळ्यांत गेला तर माणूस दिवसभर आंधळा. म्हणून गुरं तोंड लावत नाहीत, आणि म्हणूनच कुंपणाला लावतात. फांदी मोडून नुसती खोचली तरी जगते. मरत मात्र सहजी नाही, आणि माझं काम त्यामुळेच झालं. मी दादाची खोली आतून बघायला मागितली. आत लग्नाच्या सामानाचे खोके होते, एक नवा पंखा होता, आणि मागच्या कोपऱ्यात, जमिनीच्या सारवणातून बोटभर वर आलेली शेराची हिरवी कांडी. तिथून दोन हातांवर आणखी एक. ती बिचारी पत्र्याच्या फटीकडे वाकली होती.

आम्हाला शिकवतात की हद्दीची खूण हरवली तर तिची मुळं शोधावीत. ते दगडाबद्दल असतं. उगवणारी खूण मी नोकरीत पाहिली नव्हती.

दादानं ती कांडी पाहिली, मी पाहताना पाहिली, आणि खाली बसला. "रोज कापतो साहेब," तो म्हणाला. "रोज येते."

मी टेप काढला. साखळी आता कोण वापरतं? पण डोकं अजून साखळीतच चालतं. आमची साखळी ३३ फुटांची, १६ आण्यांची. साखळीचा चौरस म्हणजे १०८९ चौरस फूट, एक गुंठा. दादाची खोली शेराच्या कांड्यांपलीकडे ३ फूट आली होती आणि लांबी ११ फूट भरली. ३३ चौरस फूट. एका गुंठ्याचा बरोबर तेहेतिसावा भाग. एवढ्यासाठी आजी आणि दादा जानेवारीपासून बोलत नव्हते, आजीच्या भाच्याची आणि दादाच्या मुलाची नळावर मारामारी झाली होती, आणि पाड्यातल्या हळदीकुंकवाला दोन पंगती बसल्या होत्या.

कायदा सांगायचा मला सोस आहे, घरचे कंटाळतात. अंगणात खाट टाकली होती, तीवर बसून मी दोघांनाही तो सांगितला. १९६३ चा मुदतीचा कायदा म्हणतो, दुसऱ्याची जागा माझीच आहे असं उघडपणे म्हणत कुणी सलग १२ वर्षं बसलं आणि मालक गप्प राहिला, तर मालकाचा हक्क बुडतो. सरकारची जागा असेल तर ३० वर्षं. पत्र्याचं पाणी दुसऱ्याच्या अंगणात सोडायचा हक्कसुद्धा असतो, सुविधाधिकार म्हणतात. १८८२ चा कायदा आहे, त्याला २० वर्षं अखंड वहिवाट लागते. पण ह्या सगळ्यात एक मेख आहे. मालकानं परवानगी देऊन बसवलं असेल, आणि बसणारा ती परवानगी मानत असेल, तर १२ काय, ५० वर्षं गेली तरी हक्क लागत नाही.

"अर्थात," मी म्हणालो, "इथे मालक तुम्ही दोघंही नाही. मालक सरकार."

आजीनं हे शेवटचं वाक्य माशी हाकलावी तसं हाकललं. "ते राहू दे. म्हणजे मी गप्प बसले तर त्याचं होतं, आणि 'घे' म्हटलं तर माझं राहतं?"

मी परीक्षेसाठी ती कलमं तीनदा पाठ केली होती. इतकी आटोपशीर ती मला कुठल्या पुस्तकात भेटली नाहीत.

"होय," मी म्हणालो.

"मग घे म्हटलं." ती दादाकडे वळली. "लग्न कर. सून आण. पण पाणी माझ्याकडे पडता कामा नये. आणि दर वाघबारशीला वाघोबासमोर मला एक नारळ द्यायचा. कशाचा ते मोठ्यानं सांगायचं."

दादा म्हणाला, "काकी, नारळ कशाला? महिन्याचे शंभर-दोनशे देतो ना."

"पैसे नको. पैसे दिलेस तर दहा वर्षांनी म्हणशील, विकत घेतली."

त्याच्या मनात हे आलं होतं की नाही, देव जाणे. मान मात्र त्यानं खाली घातली.

तिसऱ्या दिवशी पत्रा हातभर कापलेला होता आणि खाली पन्हाळ लागलं होतं. सेटवरचा जाड प्लॅस्टिकचा पाइप उभा चिरून त्यानं ते बनवलं होतं. एका टोकाला उतार, आणि टोक आजीच्या निळ्या पिंपात. ही पिंपाची कल्पना त्याची स्वतःची. कुडाचा गिलावाही त्यानंच लिंपून दिला, पण आजीला तो पसंत पडला नाही. सेटिंगवाल्याचा हात, फार गुळगुळीत झाला म्हणाली.

त्या वर्षीच्या वाघबारशीला मी मुद्दाम गेलो. शेंदूर फासलेला दगड, त्यावर वाघ कोरलेला, डोक्याशी सूर्य नि चंद्र. ज्या जंगलात बिबट्या खरोखर रात्री घराच्या मागून जातो तिथे ही पूजा नुसती रीत नसते, बोलणी असतात. लोकांचे नारळ झाल्यावर दादा पुढे आला आणि आजीच्या हातात नारळ देऊन काहीतरी पुटपुटला.

"ऐकू आलं नाही," आजी म्हणाली.

"काकीच्या दोन हात जागेचा नारळ," तो म्हणाला.

"वाघोबाला ऐकू आलं नाही."

त्यानं ओरडून सांगितलं. सगळा पाडा हसला. तोही हसला, पण कान लाल झाले होते. आजीनं नारळ कानाशी धरून हलवला, पाणी आहे का बघितलं, आणि मग फोडायला दिला.

परतताना मी तिला म्हटलं, "आजी, डेअरीनं अशी तीन हजार एकर घेतली, तेव्हा कुणी काही दिलं होतं का?"

"नारळ दिला असता तर आठवला असता," ती म्हणाली.

पुढची चार वर्षं सांगण्यासारखं काही घडलं नाही. नारळ पडत राहिले, सून आली, नात झाली. शेराच्या कांड्या दादानं कापणं सोडलं. एक खोलीतून वळवून त्यानं विटेच्या फटीतून बाहेर काढली, ती आता बाहेरच्या अंगाला अंगठ्याएवढी जाड झाली आहे. २०१९ च्या ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी एका रात्री झाडं तोडायला सुरुवात झाली. सर्वोच्च न्यायालयानं थांबवेपर्यंत २,१४१ झाडं पडली होती. रस्ते बंद, पोलीस, शहरातून आलेली मुलं घोषणा देताहेत. आजीची टोपली त्या दिवसांत घरातच राहिली. आरेची हद्द कुठे संपते आणि जंगल कुठे सुरू होतं यावर टीव्हीवर मोठे मोठे लोक भांडत होते. मी नकाशा उघडून बसलो होतो आणि लेक म्हणत होती, बाबा, जेवून घ्या.

मग २०२० आलं. आरेतली ८१२ एकर जमीन राखीव वन करायचं ठरलं, १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम ४ ची अधिसूचना निघाली. ह्या कलमाची रीत अशी की जंगल जाहीर करण्याआधी वन जमाबंदी अधिकारी लोकांना विचारतो, इथे तुमचा काही हक्क आहे का, असेल तर सांगा. पिढ्यान् पिढ्या जिथे राहिले तिथे राहतो हे आता कागदावर सांगायचं होतं. पाड्यात फॉर्म भरून देणारे फिरू लागले. आजीनं कुणाकडून तरी मला फोन लावला. मास्क लावून गेलो.

पुरावा काय द्यायचा हा प्रश्न होता. रेशनकार्ड होतं, मतदार यादी होती, पण कागद माणसांचे होते, जमिनीचे नव्हते. वनहक्काच्या २००८ च्या नियमांत एक सोय केलेली आहे, आणि ज्यानं कुणी ती घातली त्याला मी मनातून नमस्कार करतो. दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा जबाब लिहून घेतला तर तो पुरावा धरतात. आमच्या मोजणीतही खरं तर हेच असतं. लगतधारकाला नोटीस काढल्याशिवाय हद्द कायम करता येत नाही. यंत्रं कितीही आली तरी शेजारी हजर लागतो. मी म्हटलं, इथेही तेच चालवू, अर्जाला जबाब जोडू.

म्हणजे दादाचं घर जुनं आहे हे सांगायला आजी हवी, आणि आजीची वाडी जुनी आहे हे सांगायला दादा. मधल्या काळात पाड्यातले दुसरे म्हातारे गेले होते. हीच दोघं उरली होती.

दादाच्या घरी बसलो. मी, आजी, दादा, त्याचा मोठा मुलगा, दारात सून पोरीला कडेवर घेऊन. मुलानं आल्या आल्या सांगितलं, "काका, खोलीसकट लिहा. घराला लागूनच तर आहे. एकच माप टाका. कोण येतंय बघायला?"

खरं होतं. कुणी येणार नव्हतं. आणि मी टाकलं असतं ते माप बहुधा कायमचं राहिलं असतं. दादा काही बोलला नाही. तो पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता, बरोबर तिथे, जिथे पूर्वी कांडी यायची.

मी आजीला विचारलं आणि लिहीत गेलो. "मी सून होऊन आले तेव्हा हा पाळण्यात होता. हे घर ह्याच्या आज्यानं बांधलं. तुळई आईनाची आहे, ती तेव्हापासून तीच. मागे आंबा आहे, तो ह्याच्या बापानं लावला." सालं मी हिशेबानं घातली. पान भरत आलं.

आता पुढचा प्रश्न मला विचारायलाच हवा होता. ३२ वर्षांची खोड आहे, विचारल्याशिवाय रेघ मारवत नाही. तरी दोन मिनिटं पेनची शाई बघण्यात घालवली.

"आणि आजी, ही बाजूची खोली?"

आजीनं पदर सारखा केला. "ते त्याला विचारा."

तिनं खोली जुनी आहे म्हटलं असतं तर दोन हात गेले असते. नवी आहे म्हटलं असतं तर दादाच्या अर्जाला पहिल्याच पानावर डाग लागला असता, आणि पुढे त्याचा आंबा नि आईनाची तुळईसुद्धा कुणी खरी मानली नसती. तिनं दोन्ही केलं नाही.

बाहेर कोंबडी ओरडत होती. दादानं अंगठा थांबवला.

"पाच नारळ झालेत साहेब," तो म्हणाला. "सगळ्या पाड्यानं ऐकलेत. खोली काकीच्या जागेत आहे, तिनं दिली म्हणून आहे. तेवढी सोडून लिहा."

"बाबा!" मुलगा उठला.

"बस खाली."

मुलगा बसला नाही. चप्पल घालून निघून गेला. सुनेनं सासऱ्याकडे पाहिलं, मग पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

मग दादाचा जबाब आजीच्या अर्जासाठी. तो सेटिंगवाला असल्यामुळे मापं त्याला तोंडपाठ होती. 'काकूंची वाडी पश्चिमेस आमच्या घरापर्यंत असून हद्दीवर शेराचे कुंपण होते, त्याचा बुंधा जागेवर आहे. माझी एक खोली सदर हद्दीच्या आत काकूंच्या परवानगीने आहे.' दोन्ही जबाब शेजारी शेजारी ठेवून मी एक हातनकाशा काढला. दोघांनी वेगवेगळं सांगितलेली रेघ एकाच ठिकाणी पडली. हजारो हद्दी कायम केल्या असतील मी. भांडणाशिवाय कायम केलेल्या एका हाताच्या बोटांवर मोजाव्यात, आणि त्यात ही, जिथे दोघांपैकी एकाच्याही नावावर जमीन नव्हती. आजीनं अंगठा उठवला, दादानं सही केली. त्याची सही फार सुरेख आहे. सेटवरच्या पाट्या तोच रंगवतो.

अर्ज दिले, पोच घेतली. मुलगा आठवडाभर बापाशी बोलला नाही म्हणे. कोकणातल्या आमच्या गडग्याच्या निकालाची प्रत माझ्याकडे आहे, ४१ पानांची. हा हातनकाशा अर्धं पान.

त्यानंतर माझे गुडघे बिघडले आणि उतार जमेनासा झाला. गेल्या वाघबारशीला मात्र लेकीनं रिक्षा करून दिली. दादा खाटेवर होता. शिडीवरून पडला होता, मांडीत रॉड घातलेला. आजी वाघोबापाशी नेहमीच्या जागी बसली होती, आता पार वाळून मूठभर झालेली. लोकांचे नारळ झाले. तिनं कुणाची वाट बघितल्यासारखं केलं नाही, पण उठलीही नाही.

थोड्या वेळानं दादाचा मुलगा उतारावरून येताना दिसला. पुढे पोरगी, सहा-सात वर्षांची, दोन्ही हातांनी नारळ पोटाशी धरलेला. मुलगा मागेच थांबला, झाडाला टेकून, मोबाइल बघत. पोरीनं पुढे येऊन नारळ आजीच्या मांडीत ठेवला आणि शाळेत कविता म्हणतात तशा आवाजात सांगितलं, "आजीच्या दोन हात जागेचा नारळ!"

मोबाइलवरून नजर न काढता बाप म्हणाला, "मोठ्यानं."

ती पुन्हा ओरडली. आजीनं नारळ उचलला, कानाशी धरून हलवला.

"पाणी आहे," ती म्हणाली, आणि फोडायला त्याच्याकडे दिला.